पर्वतीची खिडकी

पुण्यास आलेला पाहुणा पर्वती न दाखवितां परत धाडला, तर यजमानपणांत कांहीं तरी उणें राहिलें, अशी आमच्या घरची जुनी समजूत आहे. शनिवारवाडा पाहुण्यानें एकट्यानें जाऊन पाहिला तरी चालतो. तेथें आतां तट, दरवाजा आणि जोतीं एवढेंच शिल्लक आहे. पर्वतीला मात्र घरचें माणूस बरोबर असावें लागतें. कारण तेथें पाहावयाचें तें बरेंचसें डोंगरावर नसून डोंगराखालीं आहे, आणि तें कोणीं तरी बोट करून दाखविल्यावांचून दिसत नाहीं. गेल्या कार्तिकांत माझा भाचा नागपुराहून आला. इतिहास घेऊन पदवीधर झालेला, चौकस, आणि मामाच्या शब्दावर सहजासहजीं विश्वास न ठेवणारा असा हा मुलगा. त्याला घेऊन एका रविवारीं पहाटे मी पर्वती चढलों.

पर्वती म्हणजे कांहीं मोठा डोंगर नव्हे. समुद्रसपाटीपासून तिची उंची २,१०० फुटांच्या आसपास भरते खरी. परंतु त्यांतले १,८०० हून अधिक फूट पुण्याच्या जमिनीनेंच आपल्याला फुकट दिलेले आहेत. आपल्या पायांनीं चढावयाचे ते उरलेले अडीचशें. पायऱ्या शंभरावर, रुंद आणि उथळ. हत्तीला चढतां यावें अशा बेतानें त्या बांधल्या असें सांगतात. हल्लीं पहाटे तेथें हत्ती दिसत नाहींत, पण डॉक्टरांनीं वजन उतरवावयास सांगितलेले गृहस्थ पुष्कळ दिसतात, आणि त्यांत बहुधा मीही असतों.

देवदेवेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही उत्तरेकडच्या तटाशीं उभे राहिलों. नैर्ऋत्येस सिंहगड धुक्यांतून नुकता वर येत होता. पायथ्याशीं सारसबागेची हिरवळ. तिच्या पलीकडे स्वारगेटची गजबज, जिच्या पोटांतून आतां मेट्रो धांवते. आणि त्यापुढें पेठांची दाटी. माझ्या लहानपणीं आजोबा येथें उभे राहून एकेका वाड्यावर बोट ठेवीत. आतां वाडे गेले, त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, आणि बोट नेमकें कोणावर ठेवावें हें कळेनासें झालें आहे. मी कांहीं सांगूं लागणार, तोंच भाच्यानें विचारलें, “मामा, ती बाजीरावाची खिडकी कोणती?”

हा प्रश्न पर्वतीवर आलेला प्रत्येक माणूस विचारतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई चालू असतां शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव पर्वतीवरच्या एका खिडकींत बसून ती पाहत होता, ही गोष्ट शाळेंत न गेलेल्या पुणेकरालाही ठाऊक असते. अडचण एवढीच कीं, ती खिडकी मला आजवर तीन वेळां दाखविण्यांत आली, आणि तिन्ही वेळां ती निरनिराळी होती. आजोबांनीं दाखविलेली एक; पुढें एका वृद्ध पुजाऱ्यानें दाखविलेली दुसरी; आणि एका परदेशी पाहुण्याबरोबर आलेल्या वाटाड्यानें फार आत्मविश्वासानें दाखविलेली तिसरी. भाच्याला मी हें सांगितलें तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, “म्हणजे खिडकी नव्हतीच.” पदवीधरांची ही घाई मला परिचयाची आहे. तीन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहींत म्हणजे खून झालाच नाहीं असें होत नाहीं. आम्ही तटावर बसलों, आणि खिडकीच्या आधीं डोंगराची हकीकत मीं त्याला सांगितली.

या टेकडीवर मूळचें ठाणें पर्वताई नांवाच्या देवीचें. तेथें नानासाहेब पेशव्यांनीं देवदेवेश्वराचें देऊळ बांधविलें. त्याची स्थापना १७४९ सालची. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शाहू महाराज सातारा येथें निवर्तले आणि मराठी राज्याचा कारभार खऱ्या अर्थानें पुण्यास आला. म्हणजे पर्वतीचें देऊळ आणि पुण्याचें राजधानीपण हीं जवळजवळ एकाच वर्षाचीं अपत्यें होत. नानासाहेबांची आठवण आपण पानिपतामुळें दुःखानें आणि कांहींशा रागानें काढतों. परंतु गांव वसवावें कसें हें त्या पुरुषाला फार चांगलें समजत होतें. कात्रजच्या डोंगरांतलें पाणी त्यांनीं बंद नळानें शहरांत आणलें. पर्वतीच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी अडवून तळें केलें व त्यांत एक बेट राखलें. त्याच बेटावर सवाई माधवरावांनीं १७८४ साली गणपति बसविला. तळें गेलें, तरी लोक अजून त्याला तळ्यांतला गणपति म्हणतात. नांवें पाण्यापेक्षां हळू आटतात.

आणि याच डोंगरावर नानासाहेबांचा शेवट झाला. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्यांचा वडील मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ हे पडले, तेव्हां ते स्वतः कुमक घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. सावकारी पत्रांतून सांकेतिक शब्दांत ती वार्ता त्यांना भेलशाच्या बाजूस कळली. तेथून परतलेला मनुष्य पूर्वींचा राहिला नव्हता. पुण्यास आल्यावर ते पर्वतीवर येऊन राहिले आणि २३ जूनला येथेंच वारले. वय अवघें चाळीस. आज भाऊसाहेबांच्या नांवाची सदाशिव पेठ येथून समोर दिसते. नानासाहेबांच्या डोळ्यांपुढें हें नांव नव्हतें. पण ज्या शहराला त्यांनीं पाणी दिलें, तें शहर त्या जून महिन्यांत त्यांना येथून दिसत असलेंच पाहिजे, आणि त्यांतल्या पुष्कळ घरांतून उत्तरेकडे गेलेलीं माणसें परत आलेलीं नव्हतीं. पर्वतीवरून खालीं पाहत बसलेला पहिला पेशवा तो हा. त्याच्या खिडकीविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं.

पायथ्याशीं एक जागा आहे, तिच्यावरून मी सहसा न बोलतां पुढें जात नाहीं, कारण माझ्या धंद्याचा तिच्याशीं संबंध आहे. तो पर्वतीचा रमणा. श्रावणांत विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची चाल मूळची दाभाड्यांची, तळेगांवची. पुढें ती पेशव्यांनीं उचलली आणि इतकी वाढविली कीं, देशोदेशींचे ब्राह्मण पुण्याकडे लोटूं लागले. त्यांत विद्वान् किती आणि नुसते दक्षिणेचे धनी किती, याची छाननी होत असे तशी होत असे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें ही दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. पण तिला कात्री लावली व तिच्यांतून १८२१ साली विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तीच पुढें रूप आणि जागा बदलत बदलत डेक्कन कॉलेज झाली. १८४९ साली लोकहितवादींसारख्या मंडळींनीं अर्ज केला कीं, या पैशांतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. तेव्हां जुन्या पुण्यांत केवढी खळबळ उडाली! पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि मराठी ग्रंथकाराला सरकारी बक्षीस मिळूं लागलें. आम्ही आज पगार घेऊन वर्गांत उभे राहतों आणि रमण्यांतल्या त्या रांगेला हंसतों. पण वंशावळ लिहावयाची झाली तर आमचें मूळ त्याच रांगेंत सांपडेल. भाच्याला हें मुळींच आवडलें नाहीं. तो नुकताच अध्यापकाच्या जागेसाठीं अर्ज करून आला होता.

आतां खडकीची गोष्ट. बाजीरावाला या शहरांतून पळावें लागण्याची ही पहिली वेळ नव्हे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ शिंद्यांची आणि पेशव्यांची फौज मोडली, तेव्हां तो सिंहगडाकडे निघून गेला, आणि तेथून कोंकणांत उतरून अखेर वसईस पोंचला. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्यानें इंग्रजांशीं तह केला आणि त्यांच्या पलटणी घेऊन परत गादीवर बसला. पुढचीं पंधरा वर्षें ही उसनी गादी त्याला टोंचत राहिली. जून १८१७ मधल्या पुण्याच्या तहानें तर तिच्यावरची गादीही काढून घेतली, नुसतें लांकूड राहिलें. तेव्हां त्यानें बापू गोखल्यावर भरंवसा टाकून लढण्याचें ठरविलें.

५ नोव्हेंबरची दुपार. एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून मुळेपलीकडे आपल्या फौजेंत जाऊन मिळाला होता. इंग्रजांकडे २,८०० च्या आसपास पायदळ. पेशव्यांकडे, ग्रँट डफच्या आंकड्यांप्रमाणें, १८,००० स्वार आणि ८,००० पायदळ. हा डफ लढाईचा समकालीन असून त्या दिवशीं इंग्रजांच्या बाजूनें हजर होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. मराठ्यांचे स्वार माळावर पसरत आले तेव्हांचा देखावा त्याला खंबायतच्या आखातांत भिंतीसारख्या उभ्या चालून येणाऱ्या भरतीसारखा वाटला. विरुद्ध पक्षाच्या माणसानें याहून मोठी दाद काय द्यावी? पण तोच सांगतो कीं, शहरांतून निघतांनाच जरीपटक्याची काठी मोडली होती. आणि तोच सांगतो कीं, बाजीराव पर्वतीकडे गेला, आणि ऐन वेळीं त्यानें गोखल्याला निरोप धाडला: पहिली तोफ आपल्याकडून सुटूं देऊं नये.

हा निरोप मला खिडकीहून महत्त्वाचा वाटतो. पंचवीस हजारांची फौज माळावर उतरली आहे, समोर शत्रु उभा आहे, आणि धन्याचा जासूद दौडत येऊन सांगतो कीं, लढाई आपण सुरू केली असें दिसतां कामा नये! गोखल्यानें काय केलें, तर जासूद येतांना पाहून, तो काय सांगणार हें ओळखून, तो जवळ पोंचण्यापूर्वींच तोफा सुरू केल्या. धन्याची आज्ञा मोडल्याचा दोष नको, आणि पाळल्याचा तर त्याहून नको. मराठी राज्याच्या शेवटच्या सेनापतीवर ही युक्ति करण्याची वेळ यावी, यांत त्या राज्याची सारी अवस्था आली. पुढें जरीपटका वाहणारा मोरो दीक्षित पडला. स्वारांच्या धांवेच्या वाटेंत दलदल आडवी आली. संध्याकाळ होईपर्यंत सारें आटोपलें. डफच्या हिशेबानें इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून ८६ आणि मराठ्यांचे ५००. लढाई म्हणून ही मोठी नव्हे. गोखल्याचें सैन्य मोडलेलें नव्हतें. परंतु जनरल स्मिथची फौज येऊन पोंचली, येरवड्याच्या उतारावर पुन्हां चकमक झाली, आणि १६ तारखेच्या रात्रीं बाजीराव निघून गेला. १७ तारखेस बाळाजीपंत नातूनें शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढविलें.

“मग येथून लढाई दिसली असेल का?” भाच्यानें विचारलें. प्रश्न चांगला होता. खडकीचा माळ येथून सरळ रेषेंत चार मैल. मधें तेव्हां भांबुर्ड्याची शेतें, ओढा आणि नदी. आड येईल असें कांहीं उंच नव्हतें. दुपार कलल्यावर सूर्य डाव्या हातास आलेला. तेव्हां धूळ दिसली असेल, तोफांचा धूर दिसला असेल, आणि संगमावरची रेसिडेन्सी पेटली तिच्या ज्वाळा तर खासच दिसल्या असतील. पण माणसें? त्याबद्दल माझ्याजवळ घरचाच एक पुरावा आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां माझे वडील कॉलेजांत शिकत होते. लोकांबरोबर तेही उंचवट्याकडे धांवले आणि दुपारीं पर्वतीवर येऊन पोंचले. ते सांगत कीं, नदीकांठच्या पेठांतून पाणी पसरलेलें एखाद्या परातींतल्यासारखें स्वच्छ दिसत होतें. शनिवारवाडा कोठें, लकडी पूल कोठें, हें ओळखतां येत होतें. फक्त माणूस म्हणून एकही दिसत नव्हता. “वरून पाहिलें म्हणजे गांव बुडतांना दिसतें, माणसें बुडतांना दिसत नाहींत,” असें ते म्हणत. हें अंतर दोन मैलांचें. चार मैलांवर मोरो दीक्षित पडलेला बाजीरावाला दिसला असेल असें मला वाटत नाहीं.

खरें म्हणजे, सेनापतीनें उंचावर उभें राहून लढाई पाहावी यांत लाजिरवाणें असें कांहींच नाहीं. बंदुकीच्या युगांत लढाई चालविणारा माणूस टेकडीवरच उभा असावयाचा. पण तेथें उभें राहिलेल्याकडून हुकूम सुटत असतात. पर्वतीवरून त्या दिवशीं सुटलेला हुकूम एकच माहीत आहे, आणि तो वर सांगितला. पुढें १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवच्या लढाईच्या वेळीं बाजीराव पुन्हां अशाच एका उंचवट्यावर दोन मैलांवर बसलेला आढळतो. शेजारीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह. ऊन लागतें म्हणून छत्रपतींनीं आफताबगीर धरविली, तेव्हां इंग्रज तिच्यावर नेम धरून तोफ मारतील म्हणून ती खालीं घेण्याची विनंति पेशव्यानें केली, असें डफ लिहितो. ज्याच्या डोक्यावर छत्र राहावें म्हणून पेशवाई निर्माण झाली, त्याच्याच डोक्यावरची आफताबगीर पेशव्यानें उतरवावी! डफ शत्रुपक्षाचा होता, गोष्ट रंगविण्यांत त्याचा फायदा होता, हें सारें धरूनही ती खोटी म्हणण्यास माझें मन धजत नाहीं. बाजीरावाच्या साऱ्या वागण्याशीं ती फार जुळते.

तरीपण त्या माणसाविषयीं एक बोललें पाहिजे. त्याचा जन्म १७७५ चा, धारच्या किल्ल्यांत, बाप राघोबादादा परागंदा असतांना. त्याचें तरुणपण कैदेंत गेलें. १७९६ च्या अखेरीस तो गादीवर आला तो कारस्थानांच्या जोरावर. ज्याला वीस वर्षें दाराबाहेरच्या पावलांचे आवाज ऐकत बसावें लागलें, तो पुढें प्रत्येक संकटांत दाराकडेच पाहणार. मी त्याचें समर्थन करीत नाहीं. ३ जून १८१८ रोजीं त्यानें माल्कमच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लाखांचें पेन्शन पत्करलें आणि १८५१ पर्यंत ब्रह्मावर्तास तें उपभोगलें. तिकडे गोखला फेब्रुवारींतच आष्टीच्या रणांत पडला होता. या दोन माणसांना एका तागडींत तोलण्याचें कारण नाहीं. पण पुणेंकरांनीं खिडकीची गोष्ट दोनशें वर्षें इतक्या आवडीनें कां जपली, हा वेगळा प्रश्न आहे. राज्य कां गेलें याचीं कारणें शोधूं जावें तर तीं पुष्कळ सांपडतात: कर्जें, जहागिरी, एकमेकांचा अविश्वास, तोफखान्याची परवशता, जातीजातींतलें अंतर. एवढीं कारणें मुलाला सांगत बसण्यापेक्षां एक खिडकी दाखविणें सोपें. राज्य गेलें, कारण एक माणूस वर बसून पाहत राहिला. बाकीचे सारे सुटले.

माझे आजोबा ही गोष्ट फार रंगवून सांगत. ते एका शाळेंत शिक्षक होते आणि दर सोमवारीं नेमानें पर्वती चढत. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांचें बोट धरून येत असें. त्या खिडकीशीं आले म्हणजे ते थांबत, काठी जमिनीवर आपटीत आणि म्हणत, “येथें बसून पाहिलें त्यानें! खालीं माणसें मरताहेत, आणि हा पाहतो आहे! उतरून गेला नाहीं.” शेवटचे तीन शब्द ते इतक्या तिरस्कारानें उच्चारीत कीं, मला त्या खिडकीची भीति वाटे.

तीन वर्षांपूर्वीं आमचा जुना वाडा पाडून तेथें इमारत बांधावयाची ठरली, तेव्हां माळ्यावरच्या पेट्या खालीं काढल्या. त्यांत आजोबांच्या रोजनिशा निघाल्या. बहुतेक मजकूर पगाराचा, दुधाच्या हिशेबाचा, कोणाच्या मुंजीचा. इतिहासाच्या शिक्षकाची खोड म्हणून मी ओळखीच्या तारखा उघडून पाहूं लागलों, आणि १३ ऑक्टोबर १९२९ चें पान काढलें.

ती तारीख मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों आहें. त्या रविवारीं पर्वती सत्याग्रहास प्रारंभ झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजाला देवदेवेश्वराच्या दर्शनाची मोकळीक असावी ही मागणी देवस्थानच्या पंचांनीं नाकारली होती. तेव्हां शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदि मंडळी सत्याग्रहींसह या पायऱ्या चढूं लागली. त्यांच्या बरोबर विनायकराव भुस्कुटे, काकासाहेब गाडगीळ, एस्. एम्. जोशी असे सवर्ण कार्यकर्तेही होते. वर दरवाजे बंद होते आणि पायऱ्यांवर सनातनी जमाव जमला होता. शिवीगाळ झाली, दगड पडले, राजभोज जखमी झाले. सत्याग्रह तीन महिने चालून जानेवारी १९३० मध्यें थांबला. दरवाजा उघडला नाहीं. मार्चांत नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मुंबई प्रांतांत हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. हें सारें मी मुलांना सांगतों. दगड मारणारे कोण होते असें एखाद्यानें विचारलें तर “पुण्यांतले सनातनी लोक” असें उत्तर देतों, आणि पुढच्या धड्याकडे वळतों.

रोजनिशींत त्या दिवसाखालीं एवढेंच होतें: “सकाळीं पर्वतीस गेलों. गर्दी फार. वरच्या पायऱ्यांवर होतों. सायंकाळीं घरीं. जेवलों नाहीं.” दुसऱ्या दिवशीं दुधाचा हिशेब.

सोमवारीं पर्वतीस जाण्याचा नेम असलेला माणूस त्या आठवड्यांत रविवारीं गेला होता. आणि वरच्या पायऱ्यांवर होता, म्हणजे दरवाजाच्या बाजूला. चढणारांच्या बाजूला नव्हे. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस. एस्. एम्. जोशींचेंही तेवढेंच, दोघेही १९०४ सालचे. आजोबांनीं दगड मारला असेल असें मला वाटत नाहीं. त्यांना मीं जन्मांत कोणावर हात उचलतांना पाहिलें नाहीं. पण “आपले आजोबा तसे नव्हते” हा पुरावा मी दुसऱ्या कोणाच्या नातवाकडून मान्य केला नसता. “जेवलों नाहीं” या दोन शब्दांवर मी किती तरी दिवस अडून राहिलों. राग आला म्हणून जेवले नाहींत, थकले म्हणून, कीं आणखी कशामुळें? लिहिणाऱ्यानें कारण लिहिलेलें नाहीं, आणि जें लिहिलेलें नाहीं तें कागदांतून काढूं नये असें मी विद्यार्थ्यांना बजावीत असतों. त्या घटनेविषयीं ते घरांत एक अक्षर बोलले नाहींत. वडिलांनाही ठाऊक नव्हतें. मला त्यांनीं या डोंगरावरची प्रत्येक गोष्ट सांगितली, नानासाहेबांची, गोखल्याची, तळ्यांतल्या गणपतीची. ज्या एका गोष्टीचे ते डोळ्यांनीं पाहणारे साक्षीदार होते ती मात्र सांगितली नाहीं.

आतां मला आठवतें कीं, त्या खिडकीशीं थांबून काठी आपटतांना ते माझ्याकडे पाहत नसत. पायऱ्यांकडे तोंड करून बोलत. लहानपणीं मला वाटे, ते दम घेताहेत.

हें सारें मीं भाच्याला सांगितलें. त्याच्या आईला मीं अजून सांगितलेलें नाहीं. तिचें आजोबांवर फार प्रेम, आणि त्यांचा हातांत काठी घेतलेला फोटो तिच्या नागपुरच्या घरांत देवघराशेजारीं आहे. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. ऊन वर आलें होतें. तटावर चार-सहा कुटुंबें येऊन मोबाइलनें फोटो काढीत होतीं. एक आई मुलाला कडेवर घेऊन खिडकी दाखवीत होती. ती चौथी होती. 

“वरच्या पायऱ्या म्हणजे कुठल्या?” भाच्यानें विचारलें.

“तें लिहिलेलें नाहीं,” मीं म्हटलें.

“पण दरवाजापासून दगड टप्प्यांत यावा, आणि खालच्या माणसाचा चेहरा ओळखूं यावा, असें अंतर धरलें तर?”

“तर दहा-पंधरा पायऱ्यांच्या आंत.”

आम्ही उतरूं लागलों. पहिल्या वळणाशीं तो थांबला, मागें वळून दरवाजाकडे पाहिलें, पुन्हां खालीं पाहिलें. सकाळचे फिरावयास येणारे लोक आम्हांला वळसा घालून जात होते. तेथून खालून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ दिसत होता; एका म्हातारीच्या कपाळावरचा घाम सुद्धां. मग तो पायऱ्या मोजीत उतरला. मीही मनांत मोजीत होतों. पायथ्याशीं येऊन ताडून पाहिलें तर त्याचा आंकडा आणि माझा आंकडा जुळेना. समोरच्या गाडीवर चहा घेतला आणि आम्ही पुन्हां पहिल्या पायरीपासून मोजावयास लागलों.